हंगामाआधी वेबसाइट तपासताय? या चुका टाळा

"साइट तर चालू दिसतेय हो, पण यंदा एकही ऑर्डर नाही." रत्नागिरीजवळच्या एका आंबा बागायतदारांचा मार्च अखेरीस असा फोन आला. त्यांच्या पडवीत बसूनच मी माझ्या मोबाइलवरून पाच डझनाची एक पेटी मागवली. स्क्रीनवर 'धन्यवाद, लवकरच संपर्क करू' असं झळकलं, पण त्यांच्या इनबॉक्समध्ये काही आलं नाही. स्पॅमचा कप्पा उघडला, तर माझ्या ऑर्डरीसह तिथे अडीच डझन ऑर्डरी पडलेल्या. काकांनी चहाचा कप खाली ठेवला.

साइट उघडते म्हणजे ती चालते, हा समज इथेच नडतो. साइट तपासायची ती गिऱ्हाईक होऊन. फॉर्म शेवटपर्यंत भरा, फोन नंबरवर बोट दाबून तो लागतो का बघा, व्हॉट्सअॅपचं बटण जुन्या नंबरवर तर जात नाही ना तेही पाहा. महिन्यातून एकदा आणि तेही दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलवरून.

काकांच्या फॉर्ममधला बिघाड तर फारच नेहमीचा. फॉर्ममधून येणाऱ्या मेलमध्ये 'फ्रॉम'च्या जागी गिऱ्हाइकाचा जीमेल पत्ता घातलेला होता. मेल निघतो होस्टिंगच्या, म्हणजे साइट जिथे ठेवलेली असते त्या सर्व्हरवरून आणि नाव सांगतो जीमेलचं, मग जीमेलला संशय येणारच. 'फ्रॉम'मध्ये आपल्याच डोमेनचा (म्हणजे साइटच्या नावाचा) पत्ता हवा, गिऱ्हाइकाचा 'रिप्लाय-टू'मध्ये. शिवाय डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीत, एसपीएफ आणि डीकिम या मेल खरंच आपलाच असल्याचं पटवणाऱ्या नोंदी करून घ्या आणि मेल एसएमटीपीवरून, म्हणजे आपल्या मेलखात्याचा पासवर्ड देऊन पाठवा. एवढं करूनही फक्त मेलवर भिस्त ठेवू नका. प्रत्येक ऑर्डर साइटच्या डेटाबेसमध्येही साठली पाहिजे.

दुसरी चूक वेगाची. दुकानातल्या कॉम्प्युटरवर, वायफायवर साइट झरकन उघडते, कारण ती तिथे शंभरदा उघडलेली असते. गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्सवर पत्ता टाका आणि डेस्कटॉपचा हिरवा आकडा बघून खूश न होता 'मोबाइल'चा बघा. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, अशी गूगलची अपेक्षा आहे. आडवं येतं ते बहुतेक वेळा एकच: मोबाइलवर काढून तसेच चढवलेले पाच-सहा एमबीचे फोटो. रुंदी १२०० पिक्सेलवर आणा, वेबपी या हलक्या फोटो-प्रकारात बदला, दीड-दोनशे केबीत काम भागतं.

मराठी मजकुराचं दुखणं वेगळंच. पत्रक छापताना जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप केलेला मजकूर तसाच साइटवर चिकटवला की तो फॉन्ट नसलेल्या मोबाइलवर अगम्य अक्षरांचा काला दिसतो. मग कुणीतरी शक्कल लढवून अख्ख्या पत्रकाचाच फोटो टाकतो. दिसायला छान, पण 'देवगड हापूस घरपोच' असं शोधणाऱ्याला तो सापडण्याचा भरवसा नाही आणि भाव बदलला की सगळं पुन्हा. युनिकोडमध्ये साधा मजकूर टाका. साइट वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर असेल तर सेटिंग्जमध्ये जाऊन सर्च इंजिनांना साइट दाखवू नये अशी खूण राहून गेली आहे का, तेही एकदा बघा. साइट बनवताना ती करतात आणि विसरतात.

आता सगळ्यात महाग पडणारी चूक. डोमेन कुणाच्या नावावर आहे? सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव असताना कुणी कलमं लावेल का? पण डोमेन मात्र साइट बनवणाऱ्या मुलाच्या ईमेलवर असतं, तो नोकरीला पुण्याला जातो आणि मुदत संपल्याच्या सूचना त्यालाच जात राहतात. डॉट कॉमची मुदत उलटली की नेहमीच्या दरात नूतनीकरणाला रजिस्ट्रार (डोमेन विकणारा) थोडे दिवस देतो. किती, ते त्याच्यावर. पुढे साधारण तीस दिवस ते जबर दंड भरून सोडवता येतं आणि त्यानंतर पाच दिवसांनी कुणालाही घ्यायला मोकळं. ऑटो-रिन्यूवरही, म्हणजे कार्डातून आपोआप होणाऱ्या नूतनीकरणावरही, विसंबू नका. ऑक्टोबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे (आपोआप पैसे कापायला दिलेल्या परवानगीचे) नियम लागू झाल्यापासून कार्डवरचे असे पैसे, विशेषतः परदेशी कंपन्यांचे, गुपचूप अडकतात. तारीख कॅलेंडरवर लिहा. आणि डोमेनच्या खात्याला त्याच डोमेनचा ईमेल देऊ नका. घराची किल्ली घरातच ठेवून दार ओढून घेतल्यासारखं होतं ते.

बॅकअपबद्दल थोडक्यात: त्याच होस्टिंगवर ठेवलेला बॅकअप हिशेबात धरू नका आणि एकदा तरी तो परत चढवून बघा. प्लगइनचे (साइटला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामांचे) अपडेट नियमित करा, पण अक्षय्यतृतीयेच्या आदल्या दिवशी नको.

पेटीवरच्या क्यूआर कोडचा तर अनुभवच घेतलाय. फुकट मिळाला म्हणून कुठल्याशा साइटवरून 'डायनॅमिक' कोड (आधी त्यांच्या साइटवर नेऊन मग आपल्याकडे वळवणारा) घेतला, खोके छापून आले आणि चाचणीची मुदत संपताच तो कोड पैसे मागू लागला. थेट आपल्या डोमेनचा साधा कोड बनवला असता तर भागलं असतं. काका, काकू आणि मी, दोन रात्री पडवीत बसून खोक्यांवर स्टिकर चिकटवत होतो.