पक्षी आजारी आहे आणि रिपोर्ट यायचाय? तोवर या चुका टाळा

डॉक्टरांनी पक्षी तपासला, शीचा नमुना घेतला, घशातून आणि गुदद्वारातून स्वॅब घेतले आणि म्हणाले, "रिपोर्ट येऊ दे, मग ठरवू." यानंतरचे दिवस फार जड जातात. बजी (छोटा रंगीत पोपट) किंवा कॉकाटील (तुरेवाला छोटा पोपट) अंग फुलवून, मान पाठीत खुपसून दांडीवर बसलेला असतो. घरातला प्रत्येक जण काहीतरी सुचवत असतो, फोनवरून आणखी चार जण सुचवतात, आणि नुसतं बघत बसणं जिवावर येतं. या दिवसांत काळजीपोटी जे केलं जातं, त्यातलं बरंचसं पक्ष्याला महागात पडतं.

रिपोर्ट येईपर्यंत आजार ओळखणं हे आपलं काम नाही. पक्षी तगवायचा आणि जे दिसेल ते डॉक्टरांपर्यंत नीट पोचवायचं, एवढं जमलं तरी खूप झालं.

निदानाला वेळ का लागतो, हे कळलं की थोडी तगमग कमी होते. बजीचं वजन साधारण ३० ते ४० ग्रॅम. अशा जिवाच्या अंगातून एका वेळी वजनाच्या एक टक्का, म्हणजे जेमतेम ०.३ मिली रक्त काढता येतं, आणि पक्षी अशक्त असेल तर त्याहूनही कमी. माणसासारखं एकदाच रक्त देऊन दहा तपासण्या इथे होत नाहीत. कोणती आधी करायची ते डॉक्टरांना निवडावं लागतं. कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून बघताना, ते वाढायलाच दोन-तीन दिवस जातात, आणि पीसीआरचा (जंतूंची जनुकं शोधणाऱ्या तपासणीचा) नमुना बहुतेक वेळा दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो.

"तोपर्यंत एखादं अँटिबायोटिक देऊन बघू"

ही सगळ्यात मोठी चूक, आणि सगळ्यात जास्त होणारीही. पक्ष्यांच्या दुकानात बाटली मिळते, कुणाकडे कोंबड्यांच्या औषधाची पावडर असते, ग्रुपवर शीचा फोटो टाकला की पाच मिनिटांत औषधाचं नाव आणि "पाण्यात पाच थेंब" असा डोसही येतो. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण बजी दिवसभरात पितोच काही मिली पाणी. आजारी असला की आणखी कमी पितो, आणि पाणी कडू लागलं तर तेही सोडतो. मग औषध किती गेलं याचा पत्ता नाही, आणि पक्षी तहानलेला.

दुसरं नुकसान रिपोर्टचं. नमुना घेण्याआधी, किंवा तो पुन्हा घ्यावा लागला तर त्याआधी, अँटिबायोटिक पोटात गेलं असेल तर कल्चरमध्ये काहीच न वाढण्याची शक्यता असते. ज्या रिपोर्टकडे आपण डोळे लावून बसलोय, तोच निरुपयोगी होतो.

शिवाय प्रत्येक आजार जिवाणूंचा नसतो. बजींमध्ये जठरातल्या बुरशीचा एक आजार बराच आढळतो, त्या बुरशीचं नाव मॅक्रोऱ्हॅब्डस. पक्षी दिवसभर भांड्यापाशी असतो, तरी छातीचं हाड टोकदार लागायला लागतं, उलट्या होतात, आणि शीत न पचलेले दाणे दिसतात. यावर अँफोटेरिसिन बी सारखं बुरशीविरोधी औषध लागतं, जिवाणूंवरच्या अँटिबायोटिकचा तिथे उपयोग नाही. पिंजऱ्याच्या गंजक्या किंवा जस्त लावलेल्या तारेतून जस्त, नाहीतर जुन्या रंगातून शिसं पोटात गेलं असेल तरी पक्षी असाच मलूल दिसतो, आणि त्याचा उपचार पूर्ण वेगळा.

डॉक्टरांनीच नमुने घेऊन औषध सुरू केलं असेल तर गोष्ट निराळी. ते ठरलेल्या मापाने, ठरलेल्या वेळी द्यायचंच. आणि घरी आधी काही देऊन झालं असेल तर ते लपवू नका. औषधाचं नाव, किती दिलं, कधी दिलं, सगळं सांगा. डॉक्टर रागावतील म्हणून लोक गप्प बसतात आणि निदान तिथेच चुकीच्या वाटेला लागतं.

चोच उघडून पाजणं

पक्षी खात नाही हे बघवत नाही, हे खरं आहे. म्हणून कुणी सिरिंजने पाणी पाजतं, कुणी मध, कुणी हळद-दूध, कुणी ब्रँडीचे थेंब. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या अगदी मागेच उघडतं. घाईत सोडलेला थेंब सरळ तिकडे जातो, आणि आधीच्या आजारात न्यूमोनियाची भर पडते. दूध तर देऊच नये, त्यातली साखर पचवण्याची सोय पक्ष्याच्या पोटात नसते. सिरिंजने भरवणं गरजेचं असेल तर डॉक्टर सांगतील. त्यांच्यासमोर, आपल्या हाताने एकदा करून दाखवा आणि मगच घरी करा.

त्याऐवजी खाणं पक्ष्यापर्यंत न्या. दांडी खाली घ्या, भांडी तिच्या शेजारी लावा, पिंजऱ्याच्या तळाशी थोडे दाणे पसरा. राळ्याचं कणीस समोर टांगलं की रुसलेला बजीसुद्धा बऱ्याचदा चोच लावतो. "दाणे वाईट, आता पेलेटच (तयार खाद्याच्या गोळ्या) देऊ" हा बदल आत्ता नको, बरा झाल्यावर करा. वाळू किंवा ग्रिट (बारीक खडे) ठेवत असाल तर काढून घ्या, आजारी पक्षी ते नको इतकं खातो.

भांडं भरलेलं दिसतं म्हणून निर्धास्त राहणं

इथे नीट बघायला हवं. बजी दाणा सोलून खातो आणि टरफल भांड्यातच टाकतो. वरून भांडं भरलेलं दिसतं, फुंकर मारली की खाली रिकामं. याच्या उलटही होतं: पक्षी भांड्यापाशी बसून दाणे चावत राहतो, पण गिळत काहीच नाही, सोललेले दाणे खाली पडलेले असतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं, खातोय की!

म्हणून खरा भरवसा वजनावर ठेवा. एकेका ग्रॅमचा फरक दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. छोटा डबा ठेवून काटा शून्यावर आणा, पक्षी डब्यात ठेवा. रोज सकाळी, पहिली शी झाल्यावर, खाणं द्यायच्या आधी. हाताळल्यावर त्याला धाप लागत असेल तर वजनाचा हट्ट सोडा. ३५ ग्रॅमच्या बजीचं वजन तीन-चार ग्रॅमने उतरलं तर ते दहा टक्के झालं. त्या दिवशी रिपोर्टची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

शीकडेही असंच बघायचं. तळाला पांढरा कागद घाला, वर्तमानपत्राच्या शाईत रंग कळत नाही. निरोगी पक्ष्याच्या शीमध्ये तीन भाग दिसतात: हिरवट किंवा तपकिरी घट्ट भाग, पांढरी भुकटीसारखी लघवी, आणि भोवती थोडं पाणी. पांढरा भाग पिवळा किंवा हिरवा झाला तर यकृताकडे संशय जातो. डांबरासारखी काळी शी म्हणजे आत वरच्या बाजूला कुठेतरी रक्तस्राव असू शकतो. काकडी खाल्ल्यावर थोडा वेळ पाणी जास्त दिसलं, तर त्याने घाबरू नका. कागदावर तारीख-वेळ लिहून फोटो काढा आणि पुढच्या भेटीला त्या दिवसाचा कागद तसाच घेऊन जा. डॉक्टरांकडे जायच्या आधी पिंजरा लख्ख धुणं म्हणजे पुरावा धुऊन टाकणं.

आपण जवळ गेलो की पक्षी ताठ बसतो, डोळे मोठे करतो. आजार लपवणं त्याच्या स्वभावातच आहे, कळपात दुबळा दिसला की शिकारी त्यालाच हेरतो. त्यामुळे दवाखान्याच्या टेबलावर तो अगदी टवटवीत दिसू शकतो. घरी, लांबून, त्याला कळू न देता अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा. श्वासागणिक शेपूट वर-खाली होतेय का, तोंड उघडं राहतंय का, झोपताना दोन्ही पाय टेकवून झोपतो का, हे त्यात दिसतं.

ऊब देताना होणारी घाई

पक्ष्याच्या अंगाचं तापमान ४० ते ४२ अंश सेल्सिअस असतं. अंग फुलवून बसतो तो ते टिकवायला. ऊब दिली की ती शक्ती वाचते. पण पिंजरा चारी बाजूंनी गुंडाळून आत दिवा लावणं म्हणजे भट्टी. तीन बाजूंना कापड घाला, उष्णता एकाच टोकाला ठेवा, म्हणजे नको झाल्यावर त्याला सरकता येईल. आत साधं थर्मामीटर लावून ३० अंशांच्या आसपास ठेवा. एलईडी दिव्याने ऊब येत नाही. जुना पिवळा बल्ब चालतो, पण तो पिंजऱ्याबाहेर, कापडापासून लांब हवा आणि रात्रभर उजेडाने झोप मोडते. रात्री उजेड न देणारा सिरॅमिक हीटर किंवा कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी बरी. पंख अंगापासून दूर धरून पक्षी तोंडाने धापा टाकत असेल तर गरम जास्त होतंय. पुण्या-नाशिकच्या जानेवारीत हे सगळं लागतं, मुंबईच्या मेमध्ये बहुधा काहीच लागत नाही. आणि पक्षी पंख्यावर किंवा काचेवर आदळून डोक्याला मार लागला असेल, तर ऊब देण्याआधी डॉक्टरांना विचारा.

उदबत्ती, धूप, कापूर, डासांची कॉइल, फोडणीचा ठसका या सगळ्यापासून पिंजरा लांब हलवा. पक्ष्याच्या फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या अंगभर पसरलेल्या असतात, धूर आपल्यापेक्षा त्याला फार लवकर बाधतो. रिकामा नॉनस्टिक तवा गॅसवर विसरला आणि अति तापला, तर त्यातून निघणाऱ्या वायूने धडधाकट पक्षीही काही मिनिटांत मरतो.

सारखं हातात घेणं, सारखं समोर बसणं

पक्ष्याला माणसासारखं श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला स्नायूंचा पडदा) नसतं. छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच हवा आत जाते. प्रेमाने छातीवर धरलेला हातही त्याला गुदमरवू शकतो. औषध देताना टॉवेलमध्ये, मान आणि बाजूंनी धरा, छाती मोकळी ठेवा आणि लगेच सोडा. दिवसभर पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकून बसू नका. त्याला बारा तास अंधार आणि शांतता मिळू दे. घरात पाळ्या लावा: एकाने औषध, एकाने वजन-शीच्या नोंदींची वही, आणि डॉक्टरांशी बोलणारा एकच जण. "एवढ्याशा पक्ष्यासाठी एवढं?" असं म्हणणारे भेटतील. त्यांना समजावण्यात हे दिवस घालवू नका.

घरच्यांच्या तब्येतीकडे दुर्लक्ष

तपासणीच्या यादीत सिटॅकोसिस असेल तर हे वाचाच. क्लॅमिडिया सिटासी या जिवाणूमुळे होणारा हा आजार वाळलेल्या शीच्या धुळीतून माणसालाही होतो. म्हणून कोरडा झाडू किंवा व्हॅक्यूम नको. कागद आधी ओला करा, एन-९५ मास्क लावा, मग गुंडाळून टाका. लहान मुलं, गरोदर बाई आणि म्हातारी माणसं यांनी हे काम करू नये. घरात कुणाला ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला आला तर डॉक्टरांना "घरी आजारी पक्षी आहे" हे आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही, आणि कळलं तर औषधाने हा आजार बरा होतो. घरातले बाकीचे पक्षी वेगळ्या खोलीत, पण आवाज ऐकू येईल इतक्या अंतरावर ठेवा, आणि त्यांची भांडी आधी धुवा.

२००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हापासून त्याची बातमी आली की पिंजऱ्यातल्या पक्ष्याचीही धास्ती बसते. आसपास कावळे किंवा कोंबड्या मरत असतील तर डॉक्टरांना जरूर सांगा. भीतीपोटी आजारी बजी उडवून देणं हा मात्र त्याला कावळ्यांच्या तोंडी देण्याचाच प्रकार आहे.

रिपोर्टसाठी थांबणं, जेव्हा थांबायचं नसतं

शांत बसलेला असताना उघड्या तोंडाने श्वास, रक्त, झटके, तळाशी पडून राहणं, मादी शेपूट हलवत कुंथत असणं (अंडं अडकलेलं असू शकतं), किंवा दिवसभर काहीच पोटात न जाणं. यातलं काहीही दिसलं तर त्याच क्षणी फोन, सकाळची वाट नाही. आपले डॉक्टर रात्री नसतात का, पर्यायी कुठे जायचं, हे पहिल्याच भेटीत विचारून ठेवा. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर पक्षी बघत नाहीत. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. जवळ असाल तर पक्षी बघणारं कुणी आहे का, ते फोनवर आधी विचारा.

रिपोर्ट आल्यावरही

"निगेटिव्ह" म्हणजे पक्षी निरोगी, असा अर्थ काढू नका. सिटॅकोसिसचे जिवाणू शीतून रोज बाहेर पडतातच असं नाही, त्यामुळे एका नमुन्यात हुकू शकतात. यातून काय बाद झालं, काय उरलं, पुढची तपासणी कोणती आणि खर्च किती, हे चार प्रश्न लिहूनच जा. खर्च झेपणारा नसेल तर तेही स्पष्ट सांगा, डॉक्टर त्यातल्या त्यात महत्त्वाची तपासणी आधी करतात.

सिटॅकोसिसचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक दिलं, तर कोर्स साधारण ४५ दिवसांचा असतो. आठवड्यात पक्षी किलबिलायला लागतो, आणि तिथेच लोक औषध थांबवतात. थांबवू नका. तोंडातून औषध चालू असताना समुद्रफेस (कॅल्शियमसाठी पिंजऱ्यात लावतात तो पांढरा तुकडा) आणि कॅल्शियम ठेवायचं का, हेही विचारा, कारण कॅल्शियममुळे ते औषध अंगात नीट शोषलं जात नाही.

आणि रिपोर्ट यायच्या आधीच पक्षी गेला, तर घाईने पुरू नका. घरात दुसरे पक्षी असतील तर शवविच्छेदनातून त्यांचा जीव वाचू शकतो. हातमोजे घालून देह पिशवीत बंद करा, खाण्यापासून वेगळा, फ्रिजमध्ये ठेवा. फ्रीझरमध्ये नको, गोठल्यावर पेशी फुटतात आणि तपासताना कमी कळतं. डॉक्टरांना लगेच फोन करा, आणि आधी पाठवलेल्या नमुन्यांचा रिपोर्टही मागवून घ्या.