आपल्या फुटबॉल क्लबचं चॅनेल: मैदानावरून सामना न तुटता लाईव्ह कसा दाखवावा

क्लबचं चॅनेल काढायचं म्हटलं की लोक पहिल्यांदा कॅमेऱ्याची किंमत विचारतात. आधी हे ठरवा, की फक्त आपणच दाखवू शकतो असं आपल्याकडे काय आहे. मोठ्या क्लबांनाही याचा विचार करावा लागला. मँचेस्टर युनायटेडचं एमयूटीव्ही १९९८ मध्ये सुरू झालं, रेआल माद्रिदचं पुढच्या वर्षी, लिव्हरपूलचं २००७ मध्ये. प्रीमियर लीगच्या थेट प्रक्षेपणाचे हक्क सगळे क्लब मिळून विकतात, म्हणून या इंग्लिश क्लबांच्या चॅनेलवर लीगचे सामने लाईव्ह नसतात. तिथे युवा संघ, महिला संघ, सराव आणि पत्रकार परिषदा दिसतात. पोर्तुगालच्या बेनफिकाने मात्र २०१३-१४ च्या हंगामापासून घरच्या मैदानावरचे लीग सामने स्वतःच्याच चॅनेलवर आणले. ठाणे-नवी मुंबईतल्या क्लबाला हक्कांचा एवढा गुंता नसतो. आपल्या १३ वर्षांखालच्या मुलींचा सामना दुसरं कोणी दाखवणार नाही. तो पहिल्या शिटीपासून शेवटच्या शिटीपर्यंत न तुटता दाखवायचा, एवढंच चॅनेलचं काम. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

आधीची कामं

यूट्यूबवर क्लबच्या नावाने चॅनेल उघडा, फोन नंबरने पडताळणी करा आणि लाईव्हची परवानगी मागून ठेवा. पहिल्यांदा ती मिळायला २४ तास लागू शकतात, तेव्हा हे सामन्याच्या सकाळी करायचं काम नाही. मोबाइल ॲपवरून थेट लाईव्ह करायला किमान ५० सबस्क्रायबर लागतात. लॅपटॉपवर ओबीएस हे लाईव्ह पाठवायचं सॉफ्टवेअर वापरलंत तर ही अट नाही. ओबीएस फुकट आहे, तेच वापरा. स्पर्धा दुसऱ्याची असेल तर आयोजकांची लेखी परवानगी घ्या. मुलं लहान असतील तर पालकांचीही घ्या, आणि पडद्यावर पूर्ण नाव न टाकता फक्त जर्सी नंबर टाका.

कॅमेरा

एकच कॅमेरा, हाफलाइनच्या समोर, मिळेल तेवढ्या उंचीवर. संध्याकाळचा सामना असेल तर मैदानाच्या पश्चिम बाजूला बसा, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो. झूमला हात लावू नका.

नेटवर्क: खरं काम इथे आहे

सामना तुटतो तो जवळजवळ नेहमी नेटवर्कमुळे, आणि नेमका याच बाबतीत सगळ्यांत वाईट सल्ला मिळतो. ‘फाइव्ह-जी आहे ना, मग बिनधास्त लाव’ असं सांगणाऱ्याने दोन तासांचा सामना कधी मैदानावरून पाठवलेला नसतो.

पहिली गोष्ट, स्पीड टेस्टमधला मोठा आकडा डाउनलोडचा असतो. आपल्याला अपलोड हवा. दुसरी गोष्ट, तो रिकाम्या मैदानावर सकाळी मोजू नका. नेरूळच्या यशवंतराव चव्हाण मैदानावर मंगळवारी सकाळी मिळणारा वेग आणि रविवारी संध्याकाळी पाचला मिळणारा वेग यांचा एकमेकांशी संबंध नसतो. त्याच टॉवरवर त्या वेळी मैदानातले प्रेक्षक असतात आणि आजूबाजूच्या सोसायट्याही असतात. त्यात डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये मोठी मॅच किंवा गाण्यांचा कार्यक्रम असेल तर त्या संध्याकाळी नेरूळमधल्या नेटवर्कवर भरवसा ठेवूच नका. तारीख ठरवण्याआधी स्टेडियमचं वेळापत्रक बघा.

म्हणून आधीच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळेला मैदानावर जा. जिथे बसणार आहात तिथेच उभं राहून दोन तासांत थोड्या-थोड्या वेळाने अपलोड मोजा. सरासरी काढू नका. आलेला सर्वांत कमी आकडा घ्या आणि त्याच्या निम्मा बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला पाठवायचा डेटा, ठेवा. कमीत कमी अपलोड ५ एमबीपीएस आला तर बिटरेट २.५, आणि रिझोल्यूशन ७२०पी, सेकंदाला ३० फ्रेम. ३ आला तर ४८०पी वर या आणि बिटरेट १.५ ठेवा. १०८०पी चा हट्ट सोडा, हे मी अगदी ठामपणे सांगतो. तळोज्याच्या एमआयडीसीत शिफ्टवर असलेला बाप आणि गावाकडची आजी, दोघंही हा सामना मोबाइलवर बघणार आहेत. चित्र थोडं मऊ दिसलं तर ते बघत राहतात. गोल गोल फिरणारं चाक दोनदा दिसलं की ते जातात, आणि पुढच्या रविवारी येत नाहीत.

ओबीएसमध्ये बिटरेट स्थिर म्हणजे सीबीआर ठेवा, कीफ्रेम (पूर्ण चित्र असलेली फ्रेम) दर २ सेकंदांनी. प्रगत सेटिंगमध्ये नेटवर्क तुंबल्यावर बिटरेट आपोआप कमी करण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. यूट्यूबमध्ये लेटन्सी, म्हणजे चित्र प्रेक्षकापर्यंत पोचायला लागणारा उशीर, नॉर्मल ठेवा. प्रेक्षकाला गोल काही सेकंद उशिरा दिसला तर काही बिघडत नाही, आणि तेवढ्या सेकंदांत छोटे अडथळे पोटात घेतले जातात.

आता हॉटस्पॉटचा, म्हणजे लॅपटॉपला इंटरनेट देणारा फोन. तो वेगळा हवा, शूटिंगचा फोनच हॉटस्पॉट म्हणून वापरू नका. लॅपटॉपला तो वायफायने न जोडता यूएसबी केबलने जोडा. मैदानावर शंभर फोनांचे वायफाय सिग्नल भांडत असतात. केबलला त्याचं काही देणंघेणं नसतं. फोन फोर-जी वर लॉक करा. फाइव्ह-जी आणि फोर-जी यांच्यात फोन उड्या मारायला लागला की दर उडीला स्ट्रीमला धक्का बसतो. आणि फोनमध्ये एकच सिम ठेवा. बऱ्याच फोनांत दुसऱ्या सिमवर कॉल आला की पहिल्याचा डेटा थांबतो. कोणा मावशींनी सहज केलेला फोन पेनल्टीच्या क्षणी सामना बंद पाडू शकतो.

फोर-जी वर लॉक केल्याचा एक परिणाम लोकांच्या लक्षात येत नाही. ‘अमर्यादित’ फाइव्ह-जी चा प्लॅन फोर-जी वर अमर्यादित नसतो. तिथे रोजच्या डेटाची मर्यादा लागू होते. हिशेब करा. २.५ एमबीपीएस चित्र आणि थोडा आवाज मिळून तासाला साधारण १.२ जीबी जातात. रोज २ जीबीचा प्लॅन असेल आणि तुम्ही किकऑफच्या १५ मिनिटं आधी लाईव्ह झालात, तर हाफटाइम धरून सत्तराव्या मिनिटाच्या आसपास डेटा संपतो. त्यानंतरच्या वेगात चित्र जात नाही. सामना रंगात येतो तेव्हाच पडदा काळा. आदल्या रात्री डेटाचं जादा व्हाउचर मारून ठेवा, आणि त्या दिवशी त्या सिमवर दुसरं काहीही चालवू नका.

शेवटचा शत्रू ऊन. एप्रिल-मे मध्ये खारघरला दुपारी चार्जिंगला लावलेला फोन उघड्यावर ठेवलात तर तो तापतो, वेग कमी करतो आणि मग बंद पडतो. फोन सावलीत, कव्हर काढून, खांबाला उंचावर बांधा. खिशात किंवा बॅगेत कधीच नको. दुसऱ्या कंपनीचं सिम घातलेला एक फोन चार्ज करून शेजारी तयार ठेवा. केबल बदलायला मिनिटभर लागतं, आणि लाईव्हच्या सेटिंगमध्ये ‘ऑटो-स्टॉप’ बंद ठेवलं असेल तर तेवढा वेळ यूट्यूब वाट बघतं. यूट्यूबच्या बाजूने स्ट्रीम ‘समाप्त’ मात्र करू नका. एकदा समाप्त केलीत की ती लिंक गेली, आणि प्रेक्षक जुन्या लिंकवर ताटकळत बसतात.

ओबीएसचं रेकॉर्डिंग लॅपटॉपवर समांतर चालू ठेवा. लाईव्हमध्ये काहीही झालं तरी सामना हातात राहतो.

आवाज

माइकला वाऱ्याचं स्पंजी कव्हर लावा. खाडीकडून येणारा वारा साध्या माइकवर नुसता घरघरतो. कॉमेंट्री मराठीत करा, आणि खेळाडू ओळखणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या. हाफटाइमला मैदानाच्या भोंग्यावर सिनेमाची गाणी लागली तर माइक बंद करा. कॉपीराइटच्या दाव्यामुळे यूट्यूब लाईव्ह मध्येच थांबवू शकतं.

सामन्यानंतर

१२ तासांपेक्षा कमी लांबीची लाईव्ह यूट्यूब आपोआप साठवून ठेवतं. त्याच रात्री वर्णनात वेळा टाका: ०:०० पासून सुरुवात, मग प्रत्येक गोल, हाफटाइम आणि गोलकीपरचे मोठे बचाव. वेळेच्या अशा किमान तीन नोंदी असतील तर व्हिडिओचे भाग पडतात. वेळांचे आकडे इंग्रजी अंकांतच लिहा. मग पुढच्या रविवारच्या सामन्याची लाईव्ह लगेच शेड्यूल करा आणि लिंक पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, म्हणजे किकऑफच्या वेळी कोणी लिंक शोधत बसत नाही.