जांभ्यात टिकेल तेच यंत्र घ्या: जुनी नाणी शोधताना या चुका टाळा

बेळगावजवळच्या खानापूरला आत्याच्या शेतात मी पहिल्यांदा मेटल डिटेक्टर सुरू केला आणि तो गप्पच होईना. बांधावर वाजला, भात कापलेल्या वाफ्यात वाजला, कॉईल (दांड्याच्या टोकाची चकती) नुसती खाली टेकवली तरी वाजला. दुपारपर्यंत अकरा खड्डे काढले. प्रत्येक खड्ड्यातून जांभ्याचे तांबडे खडेच निघाले. यंत्र बिघडलं म्हणून दुसऱ्या आठवड्यात रायबागला मामाच्या काळ्या रानात नेलं, तर तिथं ते शहाण्यासारखं चाललं. म्हणजे बिघाड नव्हता. मी चंदगड-खानापूर पट्ट्याच्या मातीत न चालणारं यंत्र विकत घेतलं होतं.

आपल्या भागात ही चूक सगळ्यात महाग पडते, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो.

डिटेक्टरची कॉईल जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते. त्यात धातू आला की धातूत बारीक प्रवाह फिरतात आणि त्यांचा परतीचा इशारा यंत्र पकडतं. जांभा म्हणजे लोहाच्या ऑक्साइडांनी भरलेला दगड, त्यामुळे माती स्वतःच इशारा देते. काळ्या मातीतही लोहकण असतात, पण ती बरीचशी एकसारखी असते, यंत्राला तिची सवय लागते. जांभ्याच्या रानात दर दोन पावलांवर माती बदलते, मध्येच खडे-गोटे येतात, आणि यंत्राचा गोंधळ उडतो. यावर पहिला उपाय म्हणजे ग्राउंड बॅलन्स. कॉईल जमिनीपासून वीतभर वर-खाली हलवत आवाज स्थिर होईपर्यंत मातीचा इशारा वजा करायचा. स्वस्त यंत्रांत हे कारखान्यातच कायमचं बसवलेलं असतं, आपल्याला बदलता येत नाही. असं यंत्र गोकाक-अथणीकडे कदाचित निभावेल, खानापूरकडे नाही. हाताने किंवा आपोआप ग्राउंड बॅलन्स करता येत असेल तरच पैसे मोजा. एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सीवर चालणारं यंत्र परवडत असेल तर जांभ्यात ते जास्त शांत राहतं.

खरेदीआधी एक सोपी परीक्षा करा. चुंबक फडक्यात गुंडाळून रानातल्या सुक्या मातीतून फिरवा. फडक्याला काळे कण दाट चिकटले तर तुमची माती बोलकी आहे असं समजा.

खोक्यावरच्या फुटांना भुलू नका

“१५ फूट खोल सोनं दाखवतो” असं छापलेलं असतं आणि आपण तिथंच फसतो. रुपयाच्या आकाराचं नाणं चांगल्या यंत्रालासुद्धा साधारण १५ ते २५ सेंटिमीटरपर्यंतच नीट कळतं. जांभ्यात त्याहून कमी. जास्त खोली दाखवणारी दोन पेट्यांची यंत्रं हंड्याएवढी मोठी वस्तू शोधतात, सुटं नाणं त्यांना दिसतच नाही. आणि अँटेना हातात धरून शंभर मीटरवरचं सोनं दाखवणारं जे यंत्र विकलं जातं, ती शुद्ध फसवणूक आहे. पूर्वी गुप्तधनाच्या नादात पायाळू माणूस शोधत, अंजन घालणाऱ्याला पैसे देत. आता त्याच नादापायी अशी यंत्रं घेतली जातात आणि घरातली बचत जाते, हे पाहून फार वाईट वाटतं.

जत्रेत किंवा कचेरीच्या दारात अंगावरून फिरवतात ती दांडीही घेऊ नका. ती जवळच्या वस्तूंसाठी असते, जमिनीसाठी नाही.

आजच्या रुपयावर परीक्षा नको

दुकानात विक्रेता खिशातून रुपया काढून टाकतो. आजचा १ आणि २ रुपयांचा तुकडा चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलचा असतो, डिटेक्टर त्याला बहुतेक वेळा लोखंडाच्या गटात घालतो. त्यावरून तांब्याच्या शिवराईला यंत्र कसं वाजेल हे कळणार कसं? घरातलं चांदीचं जोडवं न्या. आजीच्या डब्यात १९४३ ते १९४७ मधला भोकाचा पैसा असेल तर तोही न्या. शक्य असेल तर ही परीक्षा हवेत न करता मातीत पुरून करा. विक्रेता नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

तुम्हाला नेमकं काय शोधायचंय यावरही निवड ठरते. कंपनी सरकारचा १८३५ पासूनचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे तोळाभर. तो आणि तांब्याची जाड शिवराई कमी फ्रिक्वेन्सीवर, ५ ते ८ किलोहर्ट्झच्या आसपास, छान वाजतात. सोन्याचा इवलासा पणम (जुनं नाणं) अर्ध्या ग्रॅमहूनही हलका असतो. त्याला १५ किलोहर्ट्झच्या वरची फ्रिक्वेन्सी आणि लहान कॉईल हवी. यंत्राच्या पडद्यावर धातूप्रमाणे आकडा दिसतो, आणि सातवाहनांची शिशाची नाणी मधल्या आकड्यांत येतात. तिथंच गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी कागदही वाजतो, आणि बारीक सोनंही त्याच्याच आसपास. म्हणून पडद्यावर मधले आकडे दिसले की “कचरा आहे” म्हणून पुढं जाऊ नका. कचरा गाळायचा म्हणून डिस्क्रिमिनेशन (नको त्या धातूंचा आवाज बंद करायची सोय) चढवलं तर सोनं आणि शिसं दोन्ही गाळलं जातं. मी फक्त लोखंड बंद करतो आणि बाकी सगळं ऐकतो.

मोठी कॉईल जास्त खोल जाते, हे खरं. पण तिच्या कक्षेत मातीही जास्त येते. जांभ्यात आणि कचऱ्याच्या जागी सहा इंची कॉईल मला अकरा इंचीपेक्षा जास्त उपयोगी पडली आहे.

यंत्र वेड्यासारखं वागायला लागलं तर

टक्... टक्... असा साधारण सेकंदाला एक आवाज येत असेल तर कुणाच्या तरी कुंपणाची झटका मशीन चालू आहे. रानडुकरांसाठी खानापूरकडे ती खूप ठिकाणी लावलेली असते. मोटारपंप, वरून गेलेली विजेची तार, खिशातला मोबाइल यांचाही त्रास होतो. आधी संवेदनशीलता कमी करा, तीही पुन्हा पुन्हा थोडी थोडी. पूर्ण चढवून खोली वाढते हा समज चुकीचा आहे, बडबड वाढते आणि खरा इशारा त्यात बुडतो. तरी थांबत नसेल तर कॉईलच्या वायरीचा जोड घट्ट आहे का बघा, वायर दांड्याला सैल लोंबत ठेवू नका. कॉईलच्या झाकणात अडकलेली ओली तांबडी माती काढा. माझं एकदा एवढ्यानंच भागलं होतं, अर्धा दिवस गेल्यावर.

एकाच जागी चांदीसारखा आवाज येतो आणि खणल्यावर बैलाची पत्री किंवा फाळाचा तुकडा निघतो? मोठं किंवा चपटं लोखंड यंत्राला फसवतं. इशाऱ्याभोवती काटकोनात फिरून दुसऱ्या बाजूने कॉईल फिरवा. नाणं असेल तर आवाज दोन्ही बाजूंनी सारखा येतो, लोखंडाचा बहुतेक वेळा तुटतो. कॉईल झोपाळ्यासारखी टोकांना वर उचलू नका, जमिनीला समांतर ठेवा.

कुठं फिरवायचं हे यंत्र घेण्याआधी ठरवा

ही चूक पैशाची नाही, म्हणून ती जास्त गंभीर. किल्ला, बस्ती (जैन मंदिर), देवळाचा परिसर, गावाबाहेरचं पांढरीचं टेकाड (जुन्या वस्तीची जागा), यांच्याकडे यंत्र घेऊन जाऊ नका. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, हलशी, देगावचं कमलनारायण मंदिर, अशा जागांनीच आपल्या भागाचा इतिहास सांभाळलाय. वडगाव-माधवपूरला सातवाहनकाळातलं नगर उत्खननात सापडलं. ते कळलं कारण कुठली वस्तू कुठल्या थरात होती हे पाहिलं गेलं. पांढरीतून खड्डा पाडून उपसलेलं नाणं थराशी असलेलं नातं तोडून येतं, मग ते कुणालाच काही सांगू शकत नाही. संरक्षित जागी परवानगीशिवाय खणणं १९५८ च्या कायद्याने गुन्हाही आहे. लष्करी हद्दीच्या जवळपास अजिबात नको. काडतूस किंवा गोळ्यासारखी वस्तू दिसली तर हात न लावता पोलिसांना कळवा.

स्वतःच्या शेतातही मालकी तुमची असली तरी सापडलेलं सगळं तुमचं होत नाही. कर्नाटकात गुप्तधनाबद्दल १९६२ चा राज्याचा कायदा आहे. चंदगड-गडहिंग्लजकडे १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा चालतो, त्यात १० रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं. लपवलं तर सापडवणाऱ्याचा वाटा जातो आणि वर्षभराची कैदही होऊ शकते. शंभर वर्षांपूर्वीचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते परदेशी पाठवता येत नाही.

नाणं हाती आलं की चिंच, लिंबू किंवा भांडी घासायची पावडर यांपैकी काहीही लावू नका. तांब्यावरचा हिरवट थर गेला की अक्षरंही जातात. माती सुकू द्या आणि मऊ ब्रशने झटका. नंतर कागदाच्या पाकिटात घालून वर तारीख, सर्व्हे नंबर, कुठल्या बांधापासून किती पावलं आणि किती बोटं खोल, एवढं लिहा. सरकारला लेखी कळवाल त्या अर्जाला तेच पाकीट जोडा.