आर्किमिडीजचा लोखंडी हात: जहाज खरोखर बुडवणारं मॉडेल कसं करायचं

विज्ञान प्रदर्शनात आर्किमिडीजचं 'जहाज उचलणारं यंत्र' कुणीतरी मांडतंच, आणि बहुतेक वेळा ती साधी क्रेन असते. दोरी ओढली की थर्माकोलचं जहाज अख्खं हवेत लटकतं आणि टाळ्या पडतात. मी शाळेत विज्ञान शिकवते. असं मॉडेल दिसलं की मी त्या मुलांना आवर्जून सांगते: जहाज उचलू नका. त्याचं फक्त नाक उचला आणि एकदम सोडा. यंत्राची सगळी ताकद त्या सोडण्यात आहे.

हे माझ्या मनचं नाही. इ.स.पू. 213 मध्ये रोमन सेनापती मार्सेलस 60 मोठ्या युद्धनौका घेऊन सिसिलीतल्या सिराक्यूजवर चालून आला. आर्किमिडीज याच शहरात राहायचा आणि त्याची यंत्रं शहराच्या बचावाला होती. पुढच्याच पिढीतल्या पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने त्या लढाईचं बारकाईने वर्णन केलं आहे. तटावरून एक तुळई बाहेर यायची, साखळीला बांधलेला लोखंडी हात जहाजाचं नाक पकडायचा, मग तुळईचं आतलं टोक खाली दाबलं की जहाज मागच्या टोकावर उभं राहायचं. यंत्र तिथेच पक्कं करायचे आणि साखळी सोडून द्यायचे. काही जहाजं कुशीवर पडली, काही पालथी झाली, आणि बरीचशी, नाक उंचावरून आपटल्यामुळे, पाण्याने भरली. लिव्ही हा रोमन इतिहासकार आतल्या टोकाला शिशाचं जड वजन असल्याचं सांगतो. आपण लिव्हीचं वजन घेऊ, कारण शाळेच्या टेबलावर ते सोपं पडतं.

जहाजापासून सुरुवात करा. थर्माकोल नको, तो बुडतच नाही. एक लिटरची पाण्याची बाटली घ्या, झाकण घट्ट लावा, ती आडवी ठेवा आणि वरच्या अंगाला लांबट खिडकी कापा. बाटलीची मान आणि बूड शाबूत ठेवा. मान म्हणजे जहाजाचं नाक. झाकणाच्या मागे जाड तारेची मोठी कडी आवळून बसवा, लोखंडी हात म्हणून आपण करणार तो गळ तिच्यातच अडकणार आहे. आता आत साधारण पाव किलो गोट्या भरायच्या, पण सगळ्या सुट्या नाहीत. निम्म्या गोट्या तळाशी मधोमध क्लेमध्ये दाबून बसवा आणि निम्म्या मोकळ्या ठेवा. नाक वर गेलं की मोकळ्या गोट्या घरंगळत मागे जातात, मागची बाजू आणखी दबते आणि खिडकीची मागची कड पाण्याला टेकते. मॉडेलमधला मला सगळ्यात आवडणारा क्षण हाच. डेकवरची माणसं आणि सामान असंच मागे घसरलं असणार.

तुळई जोडण्याआधी मुलांच्या हातात ताणकाटा द्या. बाटली आधी अख्खी उचलून वजन बघायचं, मग ती पाण्यात ठेवून फक्त कडीतून नाक वर ओढायचं. काटा निम्म्याच्याही खाली राहतो, कारण मागची बाजू पाण्याने तोलून धरलेली असते. प्लावक बल वहीत शिकलेली मुलं इथे ते हाताने अनुभवतात. एवढं मोठं जहाज माणसांनी कसं हलवलं, या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच मिळतं.

उरलेलं निम्मं तरफेत आणि तिच्या आतल्या टोकाच्या जड वजनात आहे. साठ सेंटिमीटरची लाकडी पट्टी घ्या आणि आतल्या टोकापासून वीस सेंटिमीटरवर भोक पाडून त्यात सायकलचा स्पोक घाला. स्पोक दोन उभ्या ठोकळ्यांमध्ये बसवा आणि ठोकळे एका फळीवर. ही फळी खालच्या तटाला एकाच स्क्रूने धरा, म्हणजे तुळई डावी-उजवीकडेही वळते. तट म्हणून दोन विटा उभ्या चालतील, मागून तिसरीचा टेकू द्या. आतल्या टोकाला अर्धा किलो वाळूची पिशवी लटकवा. बाहेरची भुजा दुप्पट लांब असल्याने पिशवी जितकी खाली येईल त्याच्या दुप्पट नाक वर जातं. पिशवी जमिनीपासून आठ-दहा सेंटिमीटर उंच राहील इतकीच दोरी ठेवा. ती जमिनीला टेकली की तुळई आपोआप थांबते.

तट टबाच्या काठाला अगदी चिकटून हवा. सिराक्यूजच्या अक्रादिना भागात समुद्र भिंतीच्या पायाशी होता, आणि रोमनांना शिड्या लावायच्या तर भिंतीला भिडावंच लागत होतं. लांबच्या जहाजांसाठी दगडफेकी यंत्रं होती. हा हात त्यांच्या माऱ्यातून सुटून पायाशी आलेल्या जहाजांसाठी.

गळ म्हणजे विहिरीत पडलेली बादली काढायला वापरतात तसा, तीन आकड्यांचा. जाड तार वाकवून करा आणि टोकं कानशीने बोथट करा. तो बारीक साखळीला जोडा. साखळीचं वरचं टोक तुळईला बांधून टाकू नका. तुळईच्या टोकाला दोन आय-हुक (गोल कडीचे स्क्रू) समोरासमोर बसवा, त्यांच्यातून एक गुळगुळीत खिळा सरकवा आणि साखळीची शेवटची कडी त्यावर अडकवा. खिळ्याच्या डोक्याला दोरा बांधून तटाच्या आत आणा. दोरा ओढला की खिळा निसटतो, साखळी गळासकट खाली येते आणि नाक आपटतं. खिळा अडकत असेल तर त्यावर मेण घासा. इथे वेळ द्या. संथ सुटणारा हात जहाज बुडवत नाही, ते फक्त हळूच पाण्यात परत ठेवतो.

चालवताना एकाने पिशवी हातात तोलून धरायची, दुसऱ्याने गळ कडीत अडकवायचा, तिसऱ्याच्या हातात दोरा. पिशवी झटक्याने सोडू नका, नाहीतर गळ निसटतो. ती टेकली की लगेच दोरा. चेहरे टबापासून लांब ठेवा.

मुलं हमखास आर्किमिडीजने आरशांनी रोमन जहाजं जाळल्याची गोष्ट काढतात. पॉलिबियस, लिव्ही आणि ग्रीक चरित्रकार प्लुटार्क, तिघांच्याही वर्णनात ते आरसे नाहीत, म्हणून मी ते मॉडेल करून घेत नाही.

एक जहाज बुडवून झालं की दोन बाटल्या शेजारी-शेजारी बांधा. मार्सेलसनेही आठ जहाजं दोन-दोन अशी जखडून त्यांच्यावर शिड्या चढवल्या होत्या. जोडी कुशीवर सहज कलंडत नाही, पण गळ एकाच बाटलीचं नाक उचलतो आणि सगळा पीळ बांधलेल्या दोऱ्यांवर येतो. वाळू थोडी वाढवावी लागेल. दोऱ्या आधी सैल बांधून बघा, मग घट्ट, आणि दोन्ही वेळा कुठली बाटली आधी भरते ते मुलांना लिहून ठेवायला सांगा.