डबा अर्धा परत येतो तेव्हा: वयातल्या मुलांचं खाणं, व्यायाम आणि शरीराची लाज

मुलगी आठवी-नववीत गेली की डब्यातली एक पोळी परत येऊ लागते. "भूक नव्हती", "वेळच नाही मिळाला", "मैत्रिणीने खाल्ली" ही कारणं बहुतेक घरांत ऐकू येतात. मुलाचं उलटं असतं. तो अचानक सकाळी चार अंडी मागतो, आरशासमोर दंड फुगवून बघतो आणि पोहायला चल म्हटलं की शर्ट काढायला लागेल म्हणून टाळतो. दोघांनाही आपलं शरीर चुकतंय असं वाटत असतं. मुलगी खाणं कमी करते, मुलगा व्यायाम वाढवतो, आणि कसंही केलं तरी शरीराबद्दलची नाराजी जात नाही. म्हणून क्रम ठरवून घ्या: आधी वाढ समजून घ्यायची, मग दिवसभराचं खाणं नियमित करायचं, व्यायाम त्यानंतर. वजनाचा विषय घरात काढायचाच नाही.

वाढीचा हिशेब

मुलींची उंची साधारण 11-12व्या वर्षी सगळ्यात वेगाने वाढते, मुलांची 13-14व्या वर्षी. त्या सुमारास मुलींच्या कंबरेवर, मांड्यांवर चरबी साठते. ती साठायलाच हवी, पाळी सुरू होण्याशी आणि टिकण्याशी तिचा संबंध असतो. मुलांचे हातपाय आधी लांबतात, स्नायू मागाहून भरतात. म्हणजे सातवीतली मुलगी स्वतःला जाडी म्हणते आणि नववीतला मुलगा स्वतःला काडी पैलवान म्हणतो, तेव्हा दोघांचंही शरीर वेळापत्रकाप्रमाणेच चाललेलं असतं. बऱ्याच मुलांच्या छातीवर या वयात गाठीसारखी सूज येते, हात लागला की दुखते. ही चरबी नसते, संप्रेरकांचा खेळ असतो, आणि बहुतेकांची सूज सहा महिने ते दोन वर्षांत उतरते. हे मुलाला कुणी सांगितलेलंच नसतं. वडिलांनी सांगावं, दोन वाक्यांत, गाडीत शेजारी बसलेलं असताना. समोरासमोर बसवून सांगितलं तर तो ऐकणार नाही.

उंचीची खूण तीन महिन्यांनी दाराच्या चौकटीवर करा. वजनाचा काटा उचलून माळ्यावर टाका. वर्षातून दोनदा डॉक्टरांकडे वजन झालं तरी पुरे. मोबाइलवरच्या बीएमआयच्या (उंचीच्या मानाने वजन किती, त्याचा आकडा) अ‍ॅपवर विसंबू नका, त्यातले आकडे मोठ्यांसाठी असतात. 18 हा बीएमआय मोठ्या माणसाला कमी, पण 13 वर्षांच्या मुलीला अगदी ठीक. 5 ते 18 वयासाठी इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सचे 2015 सालचे वाढीचे तक्ते आहेत, बालरोगतज्ज्ञांकडे ते असतात. एका दिवसाच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. वर्षानुवर्षं मूल तक्त्यातल्या ज्या रेषेच्या आसपास वाढत आलं, ती रेषा सोडून ते खाली किंवा वर सरकतंय का, ते बघायचं.

रात्रीची हावरट भूक सकाळी तयार होते

नेहमीचा दिवस असा: सकाळी चहा आणि दोन बिस्किटं, डबा अर्धा, दुपारी "नंतर जेवते", चार ते सात क्लास. रात्री साडेआठला घरी आल्यावर आधी फरसाणाचा डबा, मग वेफर्स, मग चार पोळ्या. मग अपराधी वाटतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा काही नको. घरचे रात्रीच्या खाण्यावर बोट ठेवतात, पण तिथे काही करता येत नाही. उपाशी शरीर खाणं मागणारच. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 मध्ये 36 निरोगी तरुणांना सहा महिने जवळपास निम्म्या आहारावर ठेवलं होतं. दिवसभर त्यांच्या डोक्यात अन्नाचेच विचार, चिडचिड, स्वयंपाकाची पुस्तकं वाचणं; पुढे पोटभर खायला मिळालं तरी काहींची भूक कितीतरी दिवस भागेना. ती माणसं काही मनाने दुबळी नव्हती.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2020 च्या शिफारशीनुसार 13 ते 15 वर्षांच्या मुलीला दिवसाला सुमारे 2400 कॅलरी लागतात, मुलाला 2860. 16 ते 18 मध्ये मुलीला 2500 आणि मुलाला 3320. इंटरनेटवरून उतरवलेला 1200 कॅलरीचा तक्ता म्हणजे मुलीच्या गरजेच्या बरोबर निम्मा. हे आकडे तुमच्या माहितीसाठी आहेत, मुलांना कॅलरी मोजायला शिकवू नका.

दुरुस्ती सकाळपासून करायची. दोन खाण्यांमध्ये तीन-चार तासांहून जास्त अंतर पडू द्यायचं नाही. उठल्यावर ज्याला जेवण जात नाही त्याला कपभर दूध आणि एक केळं किंवा शेंगदाण्याचा लाडू पुरतो. डब्यात दोन पोळ्या आणि कोरडी उसळ. रस्सा गळतो, दप्तराला वास येतो आणि मग डबा उघडलाच जात नाही, हेही डबा परत येण्याचं एक साधं कारण आहे. दुपारी वरण-भात, भाजी, दही. आणि सगळ्यात महत्त्वाचं खाणं साडेचारचं, क्लासला निघण्याआधीचं: थालीपीठ-दही, शेंगदाणे घातलेले पोहे, किंवा दोन उकडलेली अंडी आणि पोळी. बहुतेक घरांत नेमकं हेच चुकतं. हे एक बसवलं तर आठवडा-पंधरा दिवसांत फरसाणाचा डबा आपोआप उशिरा संपायला लागतो. रात्रीचं जेवण सगळ्यांनी एकत्र, टीव्ही बंद. रोज जमत नसेल तर आठवड्यातून चार दिवस ठरवा. "एवढंच?" आणि "अजून एक?" हे दोन्ही शब्द जेवताना तोंडातून काढायचे नाहीत. ताटात काय असेल ते मोठ्यांनी ठरवावं, किती खायचं ते मुलांनी.

थकवा आणि जाडी यांची गल्लत

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या 15 ते 19 वयाच्या 59.1 टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. अशा मुलीला दोन जिने चढले की धाप लागते. ती म्हणते, "माझं वजन वाढलंय म्हणून होतंय," आणि आणखी कमी खाते. लोह आणखी घटतं. म्हणून "मी अनफिट आहे" असं ऐकलं की आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. उसळीवर लिंबू पिळा, चहा जेवणापासून तासभर लांब ठेवा (चहातल्या घटकांमुळे लोह नीट शोषलं जात नाही), थंडीत हळिवाचे लाडू, बाजरीची भाकरी. शाळेत आठवड्याला मिळणाऱ्या निळ्या गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. ती खाऊन झाल्यावर घ्यायची. रिकाम्या पोटी मळमळतं आणि मग मुली गोळी दप्तरातच ठेवतात. शौचाला काळं झालं तर घाबरू नये.

उपवासाच्या आडून

देवाधर्माची फारशी ओढ नसलेली मुलगी एकाएकी संकष्टी, सोमवार आणि गुरुवारही धरू लागली तर लक्ष ठेवा. खूण सोपी आहे: उपवास सोडताना मोदकाकडे हात जातो की नाही. श्रद्धेने उपवास करणारी मुलगी सोडायच्या वेळेची वाट बघते. वजनासाठी करणारी सोडायलाही नाखूश असते. "ढोंग करू नकोस" म्हणालात तर ती बोलणंच बंद करेल. त्यापेक्षा घराचा नियम करा: वाढीच्या वयात निर्जळ किंवा एकभुक्त नाही, उपवास धरला तर भगर आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याचं थालीपीठ, दूध हे वेळच्या वेळी घ्यायचं. आजीने सांगितलं तर हा नियम लवकर पटतो.

व्यायाम: आकडा जोरांचा, किलोचा नाही

"दोन लाडू खाल्लेस ना, आता शंभर दोरीच्या उड्या मार." गमतीत म्हटलेल्या या वाक्याने व्यायामाची शिक्षा होऊन बसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे 5 ते 17 वयाला रोज सरासरी 60 मिनिटं हालचाल हवी, आठवड्यातले किमान तीन दिवस स्नायू आणि हाडं बळकट करणारा व्यायाम. सायकलने क्लासला जाणं, कबड्डी, नाच, मल्लखांब, सगळं यात धरायचं.

घरी सुरुवात करायची तर आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून: पाच मिनिटं जागच्या जागी धावणं, 10 बैठका दोनदा, टेबलाच्या कडेवर हात टेकून 8 जोर दोनदा, कोपरांवर 20 सेकंद प्लँक (कोपरं आणि पायाची बोटं टेकवून अंग सरळ धरून ठेवणं) दोनदा, दोरीच्या 50 उड्या तीनदा. शेवटचे दोन जोर जड जावेत पण पाठ वाकू नये. वाकली तर टेबलाऐवजी भिंतीला टेकून करायचे. दर आठवड्याला दोन-दोन आवर्तनं वाढवून 15 पर्यंत न्यायची, मग जोर जमिनीवर. वहीत तारीख आणि जोरांची संख्या लिहायची, वजन नाही. आठ जोरांचे बारा झाले हे मुलाला स्वतःला दिसतं, त्याला आरसा लागत नाही.

बिघडतं ते पहिल्याच आठवड्यात. उत्साहाच्या भरात रोज तासभर उड्या मारल्या की नडगी दुखते. उंची झपाट्याने वाढत असताना गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ येऊन दुखू लागतं किंवा टाच दुखते. तेव्हा उड्या आणि धावणं दोन-तीन आठवडे थांबवून सायकल किंवा पोहणं, आणि तरी दुखलं तर हाडांचे डॉक्टर.

मुली तेराव्या-चौदाव्या वर्षी मैदान सोडतात त्याला आळस हे कारण क्वचितच असतं. धावताना छाती हलते, दुखते, मुलं बघतात. पाळीच्या दिवसांत फिकट रंगाच्या गणवेशाची धास्ती असते. मापाची, घट्ट बसणारी स्पोर्ट्स ब्रा आणि गडद रंगाची ट्रॅक पँट घेऊन द्या. उपदेशाच्या दहा तासांपेक्षा या दोन वस्तूंचा उपयोग जास्त होतो.

मुलांच्या जिमबद्दल: वजनं उचलल्याने उंची खुंटते हा गैरसमज आहे. शिकवणारा हजर असेल, वजन 8 ते 15 वेळा नीट उचलता येण्याइतकं असेल, तर हरकत नाही. एका झटक्यात जास्तीत जास्त किती उचलतो याची पैज मात्र नको. पावडरचा आग्रह धरला तर वहीत हिशेब मांडून दाखवा. 16 ते 18 वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे 55 ग्रॅम प्रथिनं लागतात. पाच पोळ्या किंवा भाकऱ्यांतून 15, दोन अंड्यांतून 12, मोड आलेल्या मटकीच्या मोठ्या वाटीतून 9, पाव लिटर दुधातून 8, वरणातून 7, मूठभर शेंगदाण्यांतून 7. झाले 58. अंडी न खाणाऱ्यांनी 30 ग्रॅम सोयाबीनच्या वड्या घेतल्या की त्यातूनच 15 मिळतात. सुट्या पुडीतली, लेबल नसलेली पावडर घरात येऊ देऊ नका. क्रिएटिन (स्नायूंसाठी विकली जाणारी दुसरी पावडर) अठराच्या आत नको. "सायकल मारतो" असे शब्द कानावर आले तर ते स्टेरॉइडबद्दल आहेत: त्याने हाडांची वाढणारी टोकं वेळेआधी बंद होतात, वृषणं आक्रसतात. ज्या मुलाला उंच आणि भारदस्त दिसायचं आहे, त्याला एवढी माहिती पुरते. तालमीतल्या मुलांनी घाम काढून, पाणी तोडून वजनी गटात बसण्यापेक्षा वरच्या गटात खेळावं.

काय बोलायचं

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 मध्ये सांगितलं की वजनावरून बोलणं आणि डाएटला उत्तेजन देणं यातून लठ्ठपणा आणि खाण्याचे विकार, दोन्हींचा धोका वाढतो. त्यात स्तुतीही आली. "किती बारीक झालीस गं, छान दिसतेस!" हे लग्नातल्या मावशीचं वाक्य उपाशी राहणाऱ्या मुलीला बक्षिसासारखं वाटतं. मावशीला तिथल्या तिथे सांगा, "तिच्या वजनाचं राहू दे, ती राज्यस्तरावर खेळून आलीय ते विचार." आणि आरशासमोर उभं राहून स्वतःच्या पोटाला नावं ठेवणं आईनेही थांबवावं, मुली ते ऐकत असतात.

मुलगी "मी जाडी आहे" म्हणाली की "छे, काहीतरीच!" म्हणू नका, विषय तिथेच मिटतो. "आज कुणी काही बोललं का?" असं विचारा. बहुतेक वेळा उत्तरात वर्गातल्या एखाद्याचं नाव येतं, किंवा फोनवरचा एखादा व्हिडिओ. फोन हिसकावू नका. शेजारी बसून असे व्हिडिओ आठवडाभर "नको" म्हणून दाबत राहा, यादी बदलते.

डॉक्टरांकडे कधी

सलग तीन महिने पाळी नाही, चक्कर येते, हात गार पडतात, जेवण झालं की लगेच बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला जातो, तापातही व्यायाम चुकत नाही, दुसऱ्यांसाठी केक करते पण स्वतः चाखत नाही: यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. वाढीच्या वयात वजन वर्षभर तिथेच अडकणं हेही घटच आहे. आधीपासून अंगाने भरलेलं मूल झपाट्याने उतरलं तर घरभर कौतुक होतं आणि आजार लपतो. आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा, नाडी आणि रक्तदाब आडवं झोपवून आणि उभं करून तपासायला सांगा. जागेपणी शांत बसलेलं असताना नाडी मिनिटाला 50 च्या खाली असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मनाच्या बाजूसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

कित्येक आठवडे जवळजवळ उपाशी राहिलेलं मूल जेवायला तयार झालं, तर आनंदाच्या भरात पहिल्याच दिवशी पुरणपोळीचं ताट वाढू नका. अशा वेळी रक्तातलं फॉस्फरस एकदम घसरून हृदयावर ताण येतो. पहिले काही दिवस किती आणि काय खायचं ते डॉक्टरांनी रक्त तपासून ठरवायचं असतं.