पन्नास शब्दांचा फळा: वसाहतीचा बातमीफलक कसा चालवावा

ठाण्यात नाक्यानाक्यावर काळे फळे आहेत. पक्षाच्या शाखेचा, रिक्षा संघटनेचा, उत्सव मंडळाचा. बहुतेकांवर सुविचार, वाढदिवस आणि गेल्या महिन्यातलं रक्तदान शिबिर. फळा बंद पडतो तो शिळ्या मजकुराने. ‘उद्या पाणी नाही’ ही ओळ तीन दिवस तशीच राहिली, की चौथ्या दिवशी खरी बातमी लिहिली तरी कोणी मान वळवून बघत नाही. म्हणून फळा सुरू करायचा असेल तर रोज पुसणारा माणूस आधी शोधा, लिहिणारा मग.

आता फळ्याची मापं. चार फूट रुंद, तीन फूट उंच हा फळा सोसायट्यांच्या गल्लीला पुरतो. अक्षर दीड इंची ठेवलं तर दहा-पंधरा फुटांवरून चालता चालता वाचता येतं. पण मराठीला वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार, त्यामुळे दीड इंची अक्षराची ओळ तीन इंच जागा खाते. वर तारखेची पट्टी सोडली की उरतात दहा ओळी, ओळीत पाच-सहा शब्द. म्हणजे एकूण पन्नास-पंचावन्न शब्द. लिहिताना हा आकडा डोक्यात ठेवा. अक्षर बारीक करून शंभर शब्द कोंबले, तर थांबून वाचणारे दोन-चार निवृत्त काका सोडून कोणी वाचत नाही.

साधा प्लाय पहिल्याच पावसाळ्यात फुगतो. १२ मिलिमीटरचा मरीन प्लाय घ्या, कडा रंगाने बंद करा आणि ब्लॅकबोर्ड पेंटचे दोन हात द्या. रंग पूर्ण वाळला की खडू आडवा धरून सगळा फळा पांढरा घासा आणि पुसून टाका. हे केलं नाही तर पहिल्या दिवशीची अक्षरं भुतासारखी कायम मागे दिसत राहतात. खडू साखरेच्या पाण्यात भिजवून घ्या: अर्धी वाटी पाण्यात दोन चमचे साखर, पाच-दहा मिनिटं. अक्षर ओलं असताना फिकट दिसतं, वाळलं की ठसठशीत उठतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बाहीने पुसलं जात नाही. मात्र ते कोरड्या डस्टरने जात नाही, ओला फडका लागतो.

फळ्याची खालची कड जमिनीपासून साडेतीन फुटांवर असली की स्टूल न घेता वरची ओळ लिहिता येते. पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून फळ्याचं तोंड त्या बाजूला नको. वर फूटभर छज्जा हवाच. जागा शक्यतो सोसायटीच्या आवारभिंतीवरची घ्या आणि व्यवस्थापक समितीचा ठराव इतिवृत्तात नोंदवून घ्या. पदपथावर किंवा विजेच्या खांबाला फळा लावायचा तर आधी पालिकेची परवानगी. मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा १९९५ पासून आहे आणि फळा उचलून नेला तर वाद घालायला जागा उरत नाही. ‘सौजन्य’ म्हणून कोणाचं नाव फळ्यावर रंगवू देऊ नका, दुरुस्तीचे पैसे कोणी देत असलं तरी. आचारसंहिता लागली की ते नाव झाकायचं म्हणून फळ्यावरच कागद चिकटतो.

गाव, वेळ, आधार

प्रत्येक बातमीत चार गोष्टी हव्यात: कुठे, कधीपासून कधीपर्यंत, कोणी सांगितलं (हाच ‘आधार’), आणि फळ्यावर कधी लिहिलं. यातली एकही राहिली तरी गोंधळ होतो, पण सगळ्यात जास्त घोटाळा ‘कुठे’चा.

‘सेक्टर ८ मध्ये उद्या पाणी नाही.’ कुठला सेक्टर ८? वाशीत आहे, नेरूळमध्ये आहे, ऐरोलीत आहे. नवी मुंबईत नोडचं, म्हणजे वाशी-नेरूळसारख्या उपनगराचं, नाव नसलेली बातमी लिहूच नये. मानपाडा ठाण्यातही आहे आणि डोंबिवलीतही. कोपरी ठाणे पूर्वेला आहे, तसं कोपरी गाव वाशीजवळही आहे. आणि ‘घोडबंदर रोड’ म्हणजे कापूरबावडीपासून थेट गायमुखाच्या पुढपर्यंत. तिथे पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा असं गाव लिहावं लागतं.

हद्दींचं असंच. बेलापूर, नेरूळ, तुर्भे, वाशी, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली, दिघा हे आठ विभाग नवी मुंबई महापालिकेचे आणि ठाणे जिल्ह्यातले. खारघर-कामोठ्याला लोक सवयीने नवी मुंबई म्हणतात, पण ती पनवेल महापालिका (स्थापना २०१६) आणि जिल्हा रायगड. त्यामुळे ठाणे जिल्हाधिकाऱ्यांनी पावसासाठी शाळांना सुट्टी दिली तर ती बेलापूरला लागू होते, खारघरला होत नाही. दर जुलैत सुट्टीचं जुनं पत्र पुन्हा फिरतं. पत्र हातात आलं की आधी तारखेतलं वर्ष बघा, मग जावक क्रमांक, मग सही कोणाची. वर्ष कापलेला फोटो असेल तर फळ्यावर घ्यायचा नाही, कितीही पाऊस असो.

पाणी

फळ्याला वाचक मिळतात ते पाण्याच्या बातमीमुळे, म्हणून इथे सगळ्यात जास्त मेहनत घ्या.

ठाणे शहराला पाणी एका ठिकाणाहून येत नाही. महापालिकेची स्वतःची भातसा नदीवरची योजना आहे, स्टेम (शहाड-टेमघर) पाणी प्राधिकरण आहे, एमआयडीसी (औद्योगिक विकास महामंडळ) आहे आणि थोडं मुंबई महापालिकेचं. कळवा, मुंब्रा, दिव्याला एमआयडीसीचं पाणी. वागळे आणि मानपाड्याच्या काही तुकड्यांतही तेच. नवी मुंबईकडे स्वतःचं मोरबे धरण आहे, पाणी भोकरपाड्याला शुद्ध होतं. काही भागांत तिथेही एमआयडीसी. ‘ठाण्यात पाणी बंद’ असं मोघम फिरलं की ज्यांचं पाणी चालू राहणार आहे तेही पिंप, बादल्या, कुकरसुद्धा भरून ठेवतात. सगळ्यांनी एकाच संध्याकाळी नळ सोडले की गच्चीवरची टाकी रात्री आठलाच रिकामी होते. सोसायटीत पाणी ‘गेलं’ ते बंदमुळे नव्हे, घाबरून. म्हणून आपल्या सोसायटीला कोणत्या योजनेचं पाणी येतं ते एकदाच प्रभाग समितीच्या पाणीपुरवठा विभागात विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

दुसरी चूक ‘रात्री १२’ची. एमआयडीसीचा बंद बरेचदा ‘गुरुवार रात्री १२ ते शुक्रवार रात्री १२’ असा जाहीर होतो. अर्धे लोक बुधवारी रात्री पाणी भरतात, उरलेले शुक्रवारी सकाळी रिकामी बादली घेऊन उभे राहतात. फळ्यावर ‘रात्री १२’ हे शब्द नकोत. पत्रकातली भाषा साधारण अशी असते: ‘जलवाहिनीच्या अत्यावश्यक देखभाल दुरुस्तीच्या कामानिमित्त पाणीपुरवठा पूर्णपणे बंद राहणार असून नागरिकांनी सहकार्य करावे’. ती उतरवली तर निम्मा फळा भरतो आणि वार सापडत नाही. हे असं लिहा:

पाणी: शुक्रवारी दिवसभर नाही.
कुठे: कळवा, मुंब्रा, दिवा.
गुरुवारी संध्याकाळी भरा.
शनिवारी दाब कमी.
आधार: मनपा पत्रक.
लिहिलं: बुध. सायं. ६

शनिवारची ओळ गाळू नका. बंद संपला तरी रिकाम्या झालेल्या वाहिन्या भरायला वेळ लागतो. उंचावरच्या आणि वाहिनीच्या शेवटच्या टोकाच्या इमारतींना पाणी सगळ्यात उशिरा पोहोचतं. वाहिनी पुन्हा भरताना तळाचा गाळ सुटतो, म्हणून पहिलं पाणी गढूळ येतं. ते जमिनीखालच्या टाकीत थेट घेऊ नये, हे वॉचमनला वेगळं सांगावं लागतं.

चावीवाल्याशी ओळख ठेवा. व्हॉल्व्ह उघडणारा तोच, त्यामुळे वेळ बदलली तर पत्रक निघण्याआधी त्याला कळतं. पण नुसत्या त्याच्या तोंडच्या बातमीवर फळा लिहायचा नाही. विभागात एक फोन करून खातरजमा करा. आणि त्याचं नाव ‘आधार’ म्हणून कधीही लिहू नका, पुढच्या वेळी तो सांगणार नाही.

वीज, रेल्वे, रस्ता, पाऊस

वीज ठाणे-नवी मुंबईत महावितरणची, पण कळवा-मुंब्रा-शीळ भागात २०२० पासून टोरेंट पॉवर. तक्रारीचा १९१२ हा क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात तेलरंगाने कायमचा लिहून टाका. महावितरणचा नियोजित बंद नोंदवलेल्या मोबाइलवर संदेशाने येतो. मात्र तो फीडरनुसार, म्हणजे वीज आणणाऱ्या वाहिनीनुसार असतो, म्हणून शेजारच्या इमारतीला आलेला संदेश तुमच्यासाठी आहेच असं धरू नका.

रविवारच्या मेगाब्लॉकची बातमी रेल्वेच्या भाषेत येते: अप, डाऊन, धीमा, जलद. फळ्यावर त्याचा परिणाम लिहा. ‘रविवारी ११ ते ४ ठाणे–वाशी–नेरूळ लोकल बंद’ एवढं पुरे. शनिवारी दुपारनंतर एकदा पुन्हा बघा, ब्लॉक रद्द होतात.

रस्त्याच्या बाबतीत ‘घोडबंदर बंद’ या दोन शब्दांनी फार नुकसान केलं आहे. वाहतूक शाखेची अधिसूचना नीट वाचली तर बंदी बहुधा फक्त अवजड वाहनांना असते, तीही ठरावीक तासांत. अधिसूचनेत ‘प्रवेश बंद’ आणि ‘पर्यायी मार्ग’ असे दोन भाग असतात. कोणत्या वाहनांना बंदी, हे पहिल्या भागात सापडतं. ठाणे आणि नवी मुंबईचे पोलिस आयुक्त वेगळे, अधिसूचनाही वेगळ्या.

खड्ड्याची बातमी लिहिण्याआधी रस्ता कोणाचा ते शोधा. पाम बीच रस्ता नवी मुंबई महापालिकेचा, सायन-पनवेल महामार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा, मेट्रोच्या पत्र्यांआडची पट्टी एमएमआरडीएची (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण). चुकीच्या कार्यालयाचं नाव लिहिलं की वीस लोक चुकीच्या ठिकाणी तक्रार करतात आणि वीस वेळा ‘आमच्या अखत्यारीत नाही’ ऐकून येतात.

हवामान खात्याचा पाऊस सकाळी ८:३० ते दुसऱ्या सकाळी ८:३० असा मोजतात. ६४.५ मिलिमीटरच्या पुढे जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार, २०४.५ च्या पुढे अत्यंत जोरदार. पण खाडीकाठच्या वस्तीला या आकड्यांइतकीच भरतीची वेळ महत्त्वाची: भरती साडेचार मीटरच्या वर आणि त्याच वेळी मुसळधार, तर नाल्यांचं पाणी खाडीत उतरत नाही, मागे फिरतं. त्या दिवशी भरतीची वेळ पहिल्या ओळीत.

माणसांच्या बातम्या

निधनवार्ता घरच्यांपैकी एकाने स्वतः सांगितल्याशिवाय लिहू नका, शेजाऱ्याने रडत सांगितली तरी. नाव, वय, इमारत, अंत्ययात्रा कुठून आणि किती वाजता, कोणती स्मशानभूमी. आजाराचं नाव नाही. दुसऱ्या दिवशी पुसा.

देखभाल शुल्काच्या थकबाकीदारांची यादी रस्त्यावरच्या फळ्यावर कधीही नको. ती सोसायटीच्या आतली बाब. रस्त्यावर आली की अब्रुनुकसानीच्या नोटिशीची तयारी ठेवा. चोरीची बातमी पोलिसांत नोंद झाल्यावरच, संशयिताचं वर्णन पोलिसांनी दिलं तरच. ‘मुलं पळवणारी टोळी फिरतेय’ हे तर कोणीही, कितीही खात्रीने सांगितलं तरी नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेतून जमावाने पाच जणांना ठार मारलं. असा निरोप आला तर पोलिस ठाण्याला फोन करा आणि ते जे सांगतील तेवढंच लिहा.

नगरसेवकांच्या बातम्यांत एक पथ्य पाळा. प्रभाग आता बहुसदस्यीय आहेत, एका प्रभागात साधारण चार नगरसेवक (ठाण्यात एकूण १३१, नवी मुंबईत १११). एका गटाराच्या झाकणाचं श्रेय चौघांना हवं असतं. फळ्यावर ‘यांच्या प्रयत्नांतून’ हे शब्द येऊ देऊ नका. काम कोणतं, ठेकेदार कोण, रक्कम किती, मुदत कधीची, हे लिहा. कामाच्या जागी माहितीचा फलक असेल तर तिथून उतरवा. नसेल तर माहितीचा अधिकार: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘रस्ता का रखडला?’ असा प्रश्न विचारला तर उत्तर मिळत नाही. ‘कार्यादेशाची (काम सुरू करण्याच्या आदेशाची) आणि मुदतवाढीच्या आदेशांची प्रत द्यावी’ असं मागा. उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील, शुल्क वीस रुपये.

झाडावर पालिकेची नोटीस चिकटलेली दिसली तर त्याच दिवशी फळ्यावर घ्या: झाडांची संख्या, जागा, हरकतीची शेवटची तारीख. हरकतीला मिळणारे दिवस मोजकेच असतात आणि नोटीस बहुतेकदा पावसाने आधीच अर्धी धुतलेली असते. फोटो काढून ठेवा.

वही

फळा पुसला की पुरावा जातो. म्हणून दोनशे पानी वही: तारीख, वेळ, मजकूर, आधार, कधी पुसलं, लिहिणाऱ्याची सही. लिहून झाल्यावर फोटो, तोही तारखेची पट्टी दिसेल असा. एकाने लिहावं, दुसऱ्याने मोठ्याने वाचावं. वार आणि तारीख जुळत नाही हे ऐकतानाच कळतं.

चूक झाली तर गुपचूप पुसू नका. ज्यांनी सकाळी वाचलं ते संध्याकाळी पुन्हा येतीलच असं नाही. ‘दुरुस्ती’ असं लिहून, त्याच जागी, पूर्ण एक दिवस ठेवा: आधी काय लिहिलं होतं, बरोबर काय. लाज वाटते, पण पुढच्या वेळचं पाणी लोक याच फळ्यावर बघणार आहेत.

लिहिणारे किमान तिघं हवेत, आणि त्यातला एक तरी असा, ज्याचं गाव कोकणात नाही. गणपतीला अर्धी वसाहत चाकरमान्यांच्या गाड्यांतून निघून जाते आणि फळ्यावर आठवडाभर हरतालिका टिकते. माणूस मिळालाच नाही तर निघायच्या आदल्या रात्री सगळं पुसा आणि मधोमध मोठ्या अक्षरात लिहा: ‘फळा बंद. पुन्हा सोमवारी.’ आणि सोमवारची तारीख.