क्लास 2 मेडिकलला निघण्याआधी : सोलापूरकरांसाठी तयारीची यादी

क्लास 2 मेडिकल म्हणजे विमान चालवायला शिकणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी. तिची सुरुवात रक्त-लघवीच्या तपासण्यांपासून नको, फॉर्मपासून करा. तीही आठ-दहा दिवस आधी, घरी, आईला शेजारी बसवून. आजारांचा प्रश्न ‘सध्या आहे का’ एवढाच नसतो, ‘पूर्वी कधी झाला होता का’ हाही असतो. लहानपणी तापात आलेली फिट, टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स, दम्याचा पंप हे मुलाला आठवत नाही, आईला आठवतं. डॉक्टरांच्या दारात पेन उसनं घेऊन फॉर्म भरला की घाईत सगळीकडे ‘नाही’ पडतं, आणि माहिती खरी असल्याचं लिहून खाली सही तुमचीच असते.

मग फाइल लावा. ऑपरेशन, अ‍ॅडमिट झाल्याचं डिस्चार्ज कार्ड, जुन्या सोनोग्राफी, चालू औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं तारखेनुसार. आयुर्वेदिक काढा, पुड्या, जिमची पावडरही लिहा. बिनलेबलच्या पुड्यांत स्टेरॉइड निघू शकतं, आणि त्याने साखर आणि बीपी दोन्ही चढतात.

मुतखड्याकडे विशेष लक्ष द्या. आपल्याकडच्या उन्हात पाणी कमी पडतं, लघवी घट्ट होते, खडे धरतात; त्यामुळे ‘खडा झाला होता, पडला’ हे कुणाला आजारासारखं वाटतच नाही. पण एकट्याने विमान उडवताना कळ उठली तर हात कंट्रोलवर राहत नाही, म्हणून डॉक्टर हे नेमकं विचारतात. नुसतं ‘हो’ लिहून थांबू नका. असं लिहा : ‘एप्रिल 2022, उजवी बाजू, 5 मिमी, औषधाने पडला, त्यानंतर त्रास नाही, ताजी सोनोग्राफी जोडली आहे.’ या एका ओळीमुळे डॉक्टरांचे पुढचे बरेच प्रश्न वाचतात. लपवलं आणि लघवीत रक्तपेशी निघाल्या, तर शोध शून्यापासून सुरू होतो.

बीपीची गोळी चालू असेल तर नाव आणि डोस लिहा. मेडिकलपुरती गोळी बंद करणं किंवा त्या दिवशी एक जास्त घेणं, दोन्ही धोक्याचं. गोळी अचानक सोडली की काही औषधांत बीपी उसळी मारतं. जास्त घेतली की उभं राहताना चक्कर येते. मोजायच्या आधी अर्धा तास चहा-सिगारेट नको, लघवी करून घ्या, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा. भरलेल्या मूत्राशयानेसुद्धा आकडा वर जातो.

कानांची तपासणी सोलापुरात अनेकांना नडते. यंत्रमागाच्या खटखटीत दिवस गेला, किंवा आदल्या रात्री वरातीत डीजेसमोर उभं राहिलात, तर ऐकण्याची पातळी तात्पुरती घसरते. ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या आलेखावर, 4000 हर्ट्झपाशी खड्डा दिसतो. निदान सोळा तास शांततेत राहा, मळ आधी डॉक्टरांकडून काढून घ्या, काडी घालू नका. वर्षानुवर्षं मागाजवळ काम केलं असेल तर तेही लिहा, कारण तो खड्डा विश्रांतीने भरत नाही.

लेसिक, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवायचं लेझर ऑपरेशन, झालं असेल तर ऑपरेशनआधीच्या नंबरचा कागद न्याच. आज नंबर शून्य असला तरी मूळचा उणे सहाचा डोळा आतून लांबच असतो, पडदा ताणलेला राहतो. कॉर्नियाच्या नकाशावर लेसिक दिसतंच. रंग ओळखण्याच्या इशिहारा प्लेटा पाठ करून जाऊ नका. डॉक्टर क्रम बदलून विचारू शकतात, आणि धावपट्टीशेजारचे ‘पापी’ (PAPI) नावाचे दिवे लाल-पांढऱ्यातच उतरणीचा कोन सांगतात.

मनाच्या आजाराची गोळी आणि समुपदेशन सगळ्यात जास्त लपवलं जातं. कारण भीतीच आहे, आणि ती खोटी नाही. काही काळ ‘तात्पुरते अनफिट’ हा शेरा येऊ शकतो. तरी लिहाच. 24 मार्च 2015 ला जर्मनविंग्ज कंपनीचं विमान सहवैमानिकाने आल्प्समध्ये आदळवलं, 150 जण गेले. डॉक्टरांनी दिलेली रजेची चिठ्ठी त्याने कंपनीपासून दडवली होती. अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था एफएए हिने 2010 मध्ये नैराश्यावरच्या चार औषधांना अटींवर वाट मोकळी केली. आपले नियम वेगळे आहेत, म्हणून औषध चालू असेल तर वेळ घेण्याआधीच परीक्षक डॉक्टरांशी बोला.

विमान नियम, 1937 मधल्या नियम 19 नुसार माहिती दडवून मिळवलेला परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. आजारावर फेरतपासणी असते, अपील असतं. खोट्या सहीवर फेरतपासणीचा उपाय नाही.

आदल्या दिवशी दोन्ही चष्मे, ओळखपत्र, फोटो, फाइल बॅगेत. पुण्याला सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने निघणार असाल आणि उपाशीपोटीची साखर तिथेच द्यायची असेल, तर गाडीतला चहाही टाळा. साधं पाणी चालतं. दोन दिवस जिम बंद ठेवा, जोरदार व्यायामानंतर लघवीत प्रथिनं दिसतात. भरलेल्या फॉर्मची झेरॉक्स घरी ठेवा. पुढच्या वेळी तारखा तिच्यावरूनच लिहायच्या आहेत.